काटा शून्यावर येईपर्यंत

आमच्या यवतमाळच्या घरात स्वयंपाक शिट्ट्यांवर चालतो. वरणाला चार, भाताला दोन, हरभऱ्याला सात. सासूबाई पुढच्या खोलीत बसून शिट्ट्या मोजतात आणि त्यांचं वरण कधी कच्चं राहत नाही. मीही तशीच शिकले. पण शिटी म्हणजे वेळ नव्हे आणि दाबही नव्हे, हे मला बरण्या तापवायचा कॅनर घरी आला तेव्हा नीट कळलं. ज्योत मोठी असली तर चार शिट्ट्या सहा मिनिटांत होतात, बारीक असली तर पंधरा मिनिटं लागतात. वरणाला तेवढा फरक चालतो. बंद बरणीला चालत नाही.

कॅनर घ्यायचं कारण यजमानांची बदली. ते वन खात्यात आहेत आणि त्यांची नेमणूक झरी जामणीकडच्या जंगलात झाली. क्वार्टरला लाइट आहे, पण ती कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही, म्हणून फ्रिज ठेवण्यात अर्थ नव्हता. पंधरा दिवसांतून एकदा घरी येत. दिवसभर पायी फिरून आल्यावर स्वयंपाकाचा कंटाळा, मग चहा-बिस्किटांवर रात्र काढायची. पँट ढिली होत चाललेली सासूबाईंनीच आधी पाहिली. त्या वर्षी परदेशातली नणंद यायची होती, तिला मी हे भांडं आणायला सांगितलं. दिसायला कुकरच, पण चौपट मोठा. शिजवलेलं अन्न काचेच्या बरण्यांत भरून, झाकणं लावून, त्या बरण्या यात दाबाखाली तापवल्या की फ्रिजशिवाय महिनोन् महिने टिकतात. सासूबाई त्याला बॉयलर म्हणतात. घरी कोणी आलं की सांगतात, आमच्या सूनबाईनं कापसाच्या जिनिंगची मशीन बसवली घरात.

मशीन म्हणा, मला राग नाही. मशीनसारखीच मी ती सांभाळते. हंगामाच्या आधी झाकण उजेडात धरून वाफेच्या नळीतून पलीकडचं दिसतं का पाहते. रबरी रिंग वाकवून बघते, तडा दिसला की बदलते. झाकणावरच्या, दाब दाखवणाऱ्या काट्याची तपासणी कुठे करून मिळेल याची चौकशी केली, मिळाली नाही. मग घरीच पद्धत बसवली. आत नुसतं पाणी घालायचं, वाफ दहा मिनिटं मोकळी जाऊ द्यायची, मग नळीवर, कुकरच्या शिटीसारखं, पंधरा पौंड दाबाचं वजन ठेवायचं. वजन डुलायला लागलं म्हणजे आत पंधरा पौंड दाब झाला. त्या वेळी काट्यानेही पंधराच दाखवायला हवे. एका वर्षी त्याने साडेबारा दाखवले. दोन पौंडांहून जास्त फरक असला तर काटा बदलायचा. मनातल्या मनात बेरीज करून वापरायचा नाही. मी बदलला. वजनही पंधराचंच लागतं, कारण सोबतच्या पुस्तकात दहाचं वजन हजार फूट उंचीपर्यंतच चालतं असं लिहिलंय आणि यवतमाळ त्याहून उंच आहे. उंचीवर पाणी कमी उष्णतेला उकळतं, म्हणून दाब वाढवावा लागतो.

त्या रविवारी तुरीचे सोले, म्हणजे ओले दाणे, होते. शेंगा हिरव्या, दाणा भरलेला. आदल्या दिवशी सासूबाई आणि मी दुपारभर सोलत बसलो होतो. सोले त्यांच्या मुलाचा जीव की प्राण. यजमान सोमवारी सकाळी निघणार होते, म्हणजे बरण्यांना रात्रभर विसावा मिळाला असता. सकाळी नऊ बरण्या आत ठेवल्या, पंधरा पौंडांवर चाळीस मिनिटं दिली आणि गॅस बंद केला. आता काटा आपोआप शून्यावर येईपर्यंत भांड्याला हात लावायचा नव्हता. तेवढ्यात यजमानांना फोन आला की उद्या साहेबांची फेरी आहे, आजच या. दुपारची गाडी पकडणं भाग होतं. मी गच्चीवर त्यांचे वाळलेले कपडे काढायला गेले.

खाली आले तर स्वयंपाकघर वाफेनं भरलेलं. सासूबाई हातात चमचा घेऊन उभ्या, वजन ओट्यावर पडलेलं.

"थंडा केला म्या बॉयलर," त्या म्हणाल्या. "त्याची गाडी चुकन ना."

घरच्या कुकरची वाफ लवकर काढायला आम्ही सगळ्याच शिटी चमच्यानं उचलतो. त्यांनी तेच केलं होतं.

काटा शून्यावर आल्यावर मी झाकण उघडलं. बरण्यांतलं पाणी दोन-दोन बोटं खाली गेलं होतं आणि तळाच्या पाण्यावर सोल्यांचा हिरवट फेस तरंगत होता. बाहेरचा दाब एकदम उतरला, म्हणून बरण्यांतलं पाणी उकळून झाकणाच्या कडेनं बाहेर आलं होतं. शिवाय सावकाश निवण्यातली उष्णताही हिशोबात धरलेली असते, ती मिळालीच नव्हती. थोड्या वेळानं एकेक झाकण टक करत खाली बसलं. सासूबाई म्हणाल्या, पाहा, बसली की झाकणं. मी त्यांना सांगितलं की झाकण बसलं एवढ्यानं आतला जंतू मेला असं होत नाही. बंद बरणीत हवा नसते, तिथंच तो वाढतो. ना वास येतो, ना रंग बदलतो, आणि माणूस जिवानिशी जाऊ शकतो. या बरण्या जाणार नाहीत.

"लोणचं वर्षभर पुरते आपलं," त्या म्हणाल्या. "त्याले कुठं काटा लागते वं?"

"लोणच्यात आंबट हाये, मीठ हाये, आई. सोल्यात काहीच नाही."

त्यांनी चमचा ओट्यावर ठेवला. आवाज चढवला नाही. "म्हंजे माह्या हातानं पोराले इष देऊन राह्यली का मी?"

मी बरण्या ओट्यावरच ठेवल्या, पिशवीत भरल्या नाहीत. यजमान दारात बॅग घेऊन उभे होते. सहसा असल्या वेळी ते चपला शोधायला लागतात. या वेळी आत आले.

"आई, तथी मी एकटाच रायतो," ते म्हणाले. "रातच्यानं काही झालं तं दवाखान्यात न्याले कोणी नाई. खात्याची गाडी मलेच चालवा लागन."

सासूबाईंनी पिठाचा डबा काढला आणि उभ्या उभ्या आठ-दहा दशम्या लाटल्या. मी शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. गाडी मिळाली. पण पिशवी हलकी होती, आणि पुढचे पंधरा दिवस तिच्यावर निघणार नव्हते.

त्यांना स्टँडवर सोडून परत आल्यावर मी सासूबाईंना सांगितलं की माल वाया गेलेला नाही, आजच्या आज पुन्हा करता येतो. फक्त अर्ध्यावरून नाही, पहिल्यापासून. सोले पातेल्यात ओतले, उकळले, बरण्या धुतल्या, झाकणं नवी घेतली. पाणी कमी झाल्यामुळे बरण्या आठच भरल्या. उरलेले सोले रात्रीच्या भाजीला घेतले. पुन्हा दहा मिनिटं वाफ, पंधरा पौंड, चाळीस मिनिटं. दोनदा शिजल्यानं दाणा मऊ होणार हे मी आधीच बोलून ठेवलं, नाहीतर त्याचाही दोष बॉयलरवर आला असता. गॅस बंद केल्यावर सासूबाईंनी खुर्ची ओढून काट्यासमोर ठेवली आणि बसल्या. किती वेळ लागन, म्हणाल्या. मी म्हटलं, त्याला वाटेल तितका. शेजारीण साखर मागायला आली, तिला त्यांनी ओट्याकडे फिरकू दिलं नाही.

बरण्या मंगळवारी एसटीच्या कंडक्टरजवळ दिल्या, कागदात गुंडाळून, खोक्यात उभ्या. संध्याकाळी यजमानांचा फोन आला की एकही फुटली नाही. सासूबाईंनी फोन माझ्या हातून घेतला. सोले कसे झाले हे विचारलंच नाही.

"झाकण दबून हाये का फुगलं, थे पाय आधी," त्या म्हणाल्या. "अन् खायच्या आधी दहा मिनटं खदखद उकळ. मी फोन धरून राह्यली."

आणि खरंच धरून बसल्या.