भिंतीच्या वाटणीचं पाणी
तापलेल्या काळ्या मातीवर पाणी पडल्याचा वास आला की येरमाळ्याजवळचं आमचं घर आठवतं. उन्हाळ्यात तिथली जमीन आकसायची आणि घराच्या पायाला गेलेला तडा बोट जाईल एवढा रुंदावायचा. म्हणून आई रोज भांडी धुतलेलं पाणी भिंतीच्या बुडाशी ओतायची. एकदा टँकर आलाच नाही, तरी ती बादली घेऊन निघाली. बाबा चिडले, "माणसाला पाणी न्हाय, अन् भिंतीला पाजतीस व्हय?" ती म्हणाली, "म्या आज अंघोळ केली न्हाय. माझ्या वाटणीचं हाय हे." आई गेल्यानंतरचा हा पहिला उन्हाळा, पुन्हा टँकरचाच. काल गावी गेलो तर बाबा बादली घेऊन भिंतीशी वाकले होते. मी हात पुढं केला. ते म्हणाले, "राहू दे. माझ्या वाटणीचं हाय."