दगडमास्तर आणि पावडर

नव्या जीन्स जुन्या दिसाव्यात म्हणून धुवायच्या, असा आमचा कारखाना. मी पिळणीच्या मशीनवर होतो. शेजारच्या मोठ्या ड्रमवर दगडमास्तर. पँटींबरोबर ड्रममध्ये हलके, भोकाभोकांचे दगड टाकायचे आणि फिरवायचं. घासून निळा रंग उतरायचा. कोणत्या लॉटला कुठले दगड, हे मास्तर हातात तोलून ठरवायचे. संध्याकाळी ते पँटीइतकेच ओले असत. घाम न येता झालेलं काम त्यांना चोरीच्या मालासारखं वाटे.

दगडांनी ड्रमचा पत्रा झिजला, गटारं तुंबली. मालकांनी दगड बंद केले आणि केमिस्ट बाईंना पावडर देऊन पाठवलं. त्या पावडरीत एन्झाइम होतं.

"हे सुताची वरची लव कापतं," बाई म्हणाल्या. "लवेबरोबर रंग सुटतो. एक कण एक तुकडा कापतो, मोकळा होतो, पुढचा धरतो. स्वतः झिजत नाही."

"झिजत नाही म्हणजे काम करत नाही," मास्तर म्हणाले.

मालकांनी स्पष्ट सांगितलं, "जमलं तर ड्रम तुमचा. नाही तर खोकी भरायला जा." खोकी भरणं म्हणजे पंख्याखाली बसून करायचं काम. मास्तरांचा चेहरा उतरला.

पहिल्या लॉटला त्यांनी पाणी उकळलं. पँटी दुकानातून आणल्यासारख्या कोऱ्या निघाल्या.

"शिजवलंत तुम्ही त्याला," बाई म्हणाल्या. "एन्झाइमची एक घडी असते. त्या घडीत एक खाच असते आणि सुताचा धागा तिच्यात बरोबर बसतो. फार तापलं की घडी मोडते, खाच जाते. मग उरतं नुसतं पीठ."

"मग गार पाण्यात टाकतो."

"गारात ते सुस्तावतं. अंघोळीच्या कडक पाण्याइतकं ठेवा."

दुसऱ्या लॉटला पाणी बेताचं होतं, पण ड्रममध्ये आधीच्या धुण्याचा सोडा राहिला होता. पुन्हा काही नाही. बाईंनी पाणी तपासलं. "याला थोडं आंबट पाणी लागतं."

"आंबट?" मास्तर म्हणाले. "डोहाळे लागलेत का याला?"

समोरच्या टेबलावर मास्तरांची बायको पँटींचे सुटे धागे कापायची. तिनं मान वर न करता म्हटलं, "माझ्या वेळी एवढी चौकशी केली नव्हतीत."

तिसरा लॉट जमला. ड्रम खडखडाट न करता फिरत होता आणि मास्तरांना उचलायला काही नव्हतं. "अहो, रिकामेच उभे आहात तर हे धागे कापा," बायको म्हणाली. त्यांनी कापले. पँटी मऊ, फिकट, हव्या तशा निघाल्या. मास्तरांनी एक पँट उलटसुलट करून खोट शोधली. सापडली नाही. "झालंय," ते म्हणाले, कुणी गेल्याची बातमी द्यावी तसं.

मग आला गिऱ्हाइकाला दाखवायचा लॉट. सुट्टीचा आदला दिवस होता. बाई सांगून गेल्या होत्या की शेवटी खूप गरम पाणी द्या, म्हणजे एन्झाइम थांबेल. मास्तरांनी ड्रममधलं पाणी गटारात सोडून दिलं, कापड चाचपलं. बरोबर होतं. काम झाल्यावर पाणी तापवायचं म्हणजे झोपलेल्याला अंगाई, असं म्हणून त्यांनी जेवणाचा डबा उचलला. ओला लॉट सुट्टीभर ड्रममध्ये ठेवायची आमची रीतच होती. ड्रम थांबला की दगड थांबतात.

सुट्टीनंतर लॉट पिळून वाळवला आणि गिऱ्हाईक आलं. माल दाखवायला मालकांनी स्वतः त्यातली एक पँट घातली. चालून दाखवलं. छान दिसत होती. मग ते खुर्चीत बसले.

आवाज सगळ्यांनी ऐकला. मागचं कापड गेलं होतं. टाके मात्र जिथल्या तिथे होते, कारण शिलाईचा दोरा सुती नव्हता.

"शिलाई चांगली आहे," गिऱ्हाईक म्हणालं.

बाईंनी दुसरी पँट हातात धरली. ओल्या कागदासारखी फाटली. "गरम पाणी दिलं नव्हतंत."

"ड्रम बंद होता, बाई."

"ड्रम बंद होता. एन्झाइम बंद नव्हतं. गार झाल्यावर मंदावलं असेल, पण थांबलं नाही. लव संपली तेव्हा खालचं सूत धरलं."

मास्तरांनी ती फाटकी पँट हातात घेतली. "म्हणजे सुट्टीतही?"

"सुट्टीतही."

"कुणी बघत नसताना?"

"कुणी बघत नसताना."

मास्तरांनी एकदा आम्हा सगळ्यांकडे बघून घेतलं. मी उगाच मशीन पुसायला लागलो.

मालकांनी एका हातानं मागे फाईल धरली आणि दुसऱ्या हातानं खोक्यांकडे बोट दाखवलं. मास्तर गेले.

ड्रमवर इस्त्रीखात्यातला एकजण आला. माणूस वाईट नव्हता, पण घंटेच्या आधीच त्याची चप्पल पायात असे. रोज लॉट संपायच्या वेळी मास्तर खोकं अर्धवट टाकून ड्रमपाशी येत.

"गरम पाणी दिलं?"

"देतो, काका."

"देतो नको. दे."

आणि नळ सुटेपर्यंत हलायचे नाहीत. वर पाइपला हात लावून चटका बसतो का ते बघायचे. शेवटी तो माणूस मालकांकडे गेला. "साहेब, यांना खोक्यांना बांधा नाही तर ड्रमला. मी इस्त्रीवर बरा."

खोकी तशीही तुंबली होती. मालक म्हणाले, "ड्रमला बांधा."

मास्तर परत आले. त्यांना घाम येत नव्हता तो नव्हताच, पण पावडरीला त्यांनी पुन्हा नावं ठेवली नाहीत. सुट्टीच्या आदल्या दिवशी आम्ही बाहेर पडायचो तेव्हा बायको फाटकातून हाक मारायची, "अहो, चला. सगळे गेले."

"सगळे गेले," आतून उत्तर यायचं. "हे अजून कामावर आहे."