हॅमिल्टनचं मत, पापाटोएटोची पेटी

ऑकलंडच्या विमानतळावर माझ्या बॅगेतल्या मेतकुटाची चौकशी सुरू झाली, तेव्हा मी तयारीत होते. या देशात बाहेरचं बी-बियाणं, फळं, माती काहीही येऊ देत नाहीत. म्हणून सगळ्या खाण्याच्या वस्तूंची यादी मी घरूनच इंग्रजीत करून नेली होती. तपासणीच्या बाईंनी यादी वाचली, मेतकुटाची पुडी उघडून हुंगली, "याने तर भूक लागली," म्हणाल्या आणि मला सोडलं. तुम्ही कधी जाणार असाल तर बरोबर काय आहे ते आपणहून सांगा. त्रास होत नाही.

बाहेर माझा धाकटा भाऊ मिलिंद उभा होता. तो हॅमिल्टनच्या एका इस्पितळात फार्मासिस्ट आहे, त्याची बायको अश्विनी तिथेच नर्स. गेली काही वर्षं आमची आई त्यांच्याकडे असते. मी सांगलीकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस जोडून आईला भेटायला निघाले होते, आणि नेमकी तिथे निवडणूक आली होती.

"ताई, इथेसुद्धा इलेक्शन ड्यूटी लागली बघ तुला," मिलिंद म्हणाला.

चेष्टा खरी होती. शिक्षकाला निवडणूक चुकत नाही. मतदारांच्या बोटाला शाई लावण्यापासून सुरुवात करून मी आता मतदान केंद्राध्यक्ष होते. वर्गातले बाक भिंतीला लावून कक्ष मांडायचा, दारातली गर्दी हटवायची, पोलिंग एजंटांची भांडणं मिटवायची, हे सगळं हाताखालून गेलेलं. त्यामुळे मी तळ्यांपेक्षा आणि डोंगरांपेक्षा मतदान केंद्रंच जास्त बारकाईने पाहिली, हे आधीच सांगते.

हॅमिल्टनचा रस्ता दक्षिणेला जातो. वाटेत बॉम्बे नावाचं गाव आणि त्याच नावाच्या टेकड्या लागतात. मुंबईहून निघून इतक्या तासांनी पुन्हा बॉम्बेची पाटी दिसली, तेव्हा फोटो काढल्याशिवाय राहवलं नाही. टेकड्या उतरल्या की वायकाटोचा प्रदेश. हिरवं कुरण, त्यात काळ्या-पांढऱ्या गायी, मग पुन्हा कुरण. कुंपणांच्या कडेला लाकडी चौकटीत उमेदवारांचे हसरे फोटो ठोकलेले. हात जोडलेले नाहीत, मागे नेत्यांची रांग नाही. एक चेहरा, एक नाव, पक्षाचा रंग, बस्स.

आई दारातच उभी होती. गुडघे कुरकुरतात, पण बाकी ठणठणीत. जेवायला तिने कुमाराचा (तिथल्या रताळ्याचा) कीस केला होता. पहिला घास खाऊन होतो न होतो, तोच म्हणाली, "मला मत आहे इथे."

मला खरं वाटेना. आईचा पासपोर्ट भारताचा.

"आहे, ताई," अश्विनी म्हणाली. "इथे कायम राहायची परवानगी असली आणि वर्षभर राहिलेलं असलं की नागरिक नसला तरी मत देता येतं. आईंचं नाव मी घातलंय यादीत. कार्डसुद्धा आलंय पोस्टाने."

परक्या देशातून आलेल्या म्हातारीला तुमचं सरकार निवडायला बोलवायचं, ही गोष्ट मला फार मोठी वाटली. अजूनही वाटते.

प्रत्येकाला दोन मतं असतात. एक पक्षाला, त्यावरून देशाच्या संसदेत कोणाच्या किती जागा ते ठरतं. दुसरं आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला. कागद एकच, बाजूबाजूला दोन रकाने. मनात आलं तर पक्ष एक निवडा आणि माणूस दुसऱ्याच पक्षाचा.

"पण तसं करायची गरज नाही," मिलिंदने लगेच आईला सांगितलं. "मी ओळ दाखवतो, तिथे दोन्हीकडे टिक कर. संपलं."

"तुझे अण्णापण असंच सांगायचे. फक्त ते चिन्ह सांगायचे," आई म्हणाली आणि ताक ओतायला लागली. त्यात तक्रार होती की नुसती माहिती, हे मला कळलं नाही.

मतदानाचा दिवस शनिवार, पण त्याआधी बरेच दिवस केंद्रं उघडी असतात. मिलिंद तर आधीच मत देऊन मोकळा झाला होता. अश्विनी एका सकाळी ड्यूटीवर जाता जाता मॉलमध्ये थांबली, मीही बरोबर गेले. चपलांचं दुकान आणि न्हाव्याचं दुकान यांच्या मधे केंद्र! पुठ्ठ्याचे आडोसे, पुठ्ठ्याची पेटी, नारिंगी पेनं. पोलीस नाही, दोरखंड नाही. अश्विनी गणवेशातच आत गेली, नाव सांगितलं, खुणा केल्या आणि हातातली कॉफी गार व्हायच्या आत बाहेर आली. ओळखपत्र कोणी मागितलं नाही. मी म्हटलं, "उद्या कोणी तुझं नाव सांगून आलं तर?"

"कशाला येईल कोणी?" अश्विनी म्हणाली. तिला प्रश्नच समजला नव्हता.

आईला मात्र मॉल मंजूर नव्हता. "मतदानाच्या दिवशीच जायचं. नवं लुगडं नेसून," तिने जाहीर केलं. दरम्यान एका दुपारी घरात आम्ही दोघीच असताना एक उमेदवार दारात आला. मिलिंदच्या नावडत्या पक्षाचा. कोणी न सांगता त्याने बूट काढले, आत येऊन आईसमोर बसला आणि तिला इथे कशाची अडचण वाटते ते विचारलं. मी दुभाष्या. आईने सांगितलं, इथे प्रत्येकाला गाडी लागते, ज्याला चालवता येत नाही तो घरात कोंडला जातो. त्याने वचन वगैरे दिलं नाही. "हे मी पुरेसं ऐकलेलं नाही," एवढं बोलला आणि चहा पिऊन गेला. संध्याकाळी मिलिंद चिडला. "त्याला घरात कशाला घेतलं? आई, तू भुलू नकोस हं." आईने त्यालाही चहा दिला.

शनिवारी दिवाळीच्या खरेदीला ऑकलंडमधल्या पापाटोएटोला जायचं ठरलं होतं. तिथे आपल्या लोकांच्या दुकानांची रांगच आहे. अश्विनी ड्यूटीवर होती, म्हणून आम्ही तिघंच निघालो. आई नव्या लुगड्यात. गाडी हमरस्त्याला लागल्यावर तिने विचारलं, "मत देऊन मग जायचं ना?"

"येताना देऊ, आई. सातपर्यंत असतं."

रस्त्याकडे बघून मी चमकले. कुंपणावरचे सगळे चेहरे नाहीसे झालेले! मतदानाच्या दिवशी एकही फलक दिसता कामा नये, प्रचाराचा शब्द बोलायचा नाही, असा कायदा आहे. उमेदवारांनी आपापली लाकडं आदल्या दिवशीच उचलली होती. आमच्याकडचा मतदान केंद्राच्या शंभर मीटरचा नियम इथे सबंध देशाला लागू होता म्हणायचा.

पापाटोएटोत पणत्या घेतल्या, रांगोळी घेतली, जिलबी-फाफडा खाल्ला, पोह्यांची मोठी पिशवी घेतली. परत येऊन पाहतो तर गाडी सुरू होईना. मिलिंदने दिवे चालूच ठेवले होते, बॅटरी उतरली होती. मदतीची गाडी मागवली. शनिवार असल्यामुळे वेळ लागेल, असा निरोप आला.

ऊन कलायला लागलं. आई दुकानासमोरच्या बाकावर पिशव्या घेऊन बसली होती. मिलिंद फोनवर फोन करत होता. मी मनात हिशेब केला : गाडी लगेच सुरू झाली तरी हॅमिल्टन गाठेपर्यंत केंद्र बंद.

"जाऊ दे, आई," मिलिंद म्हणाला. "एका मताने काय होतंय? पुढच्या वेळी."

"पुढच्या वेळी मी असले तर," आई म्हणाली. मग तोंड फिरवून म्हणाली, "तुझं दिलंस ना तू? मग झालं."

मिलिंदचा चेहरा उतरला. आपलं केंद्र सोडून माणूस बाहेरगावी गेला की मत बुडालं, हेच मी इतकी वर्षं लोकांना सांगत आले होते.

पणत्या विकणाऱ्या पंजाबी बाई दुकान आवरत होत्या. त्यांनी विचारलं, "माताजी क्यों नाराज़ हैं?" मी सांगितलं. त्या हसायलाच लागल्या. "अरे, तो यहीं डाल दो ना! वो सामने स्कूल का हॉल है. कहीं का भी वोट कहीं भी पड़ता है."

"हॅमिल्टनचं मत इथे?" मी मिलिंदकडे पाहिलं.

"हो... चालतं बहुतेक," मिलिंद कपाळावर हात मारून म्हणाला. "स्पेशल व्होट. मी कधी दिलं नाही, म्हणून डोक्यातच आलं नाही."

मी आईचा हात धरला, पिशव्या बाईंच्या दुकानात टाकल्या आणि निघाले.

हॉलमध्ये रांग छोटीच होती. कोणी कुत्र्याला बाहेर बांधून आलेलं, कोणी जँडल्स (रबरी स्लिपर) घालून, कोणी बाबागाडी ढकलत. टेबलामागे एक धिप्पाड गृहस्थ बसले होते. आवाज मात्र बाळाला जोजवावं तसा मऊ. "किया ओरा," (माओरी लोकांचा नमस्कार) ते आईला म्हणाले. आईने हात जोडले. मी पर्समधून आईचा पासपोर्ट, कार्ड, औषधांची चिठ्ठीसुद्धा काढली. त्यांनी हातानेच सगळं परत ठेवायला सांगितलं.

"नाव?"

"त्यांचं नाव..." मिलिंदने सुरुवात केली. गृहस्थ त्याचं ऐकून घेत होते, पण नजर आईवर. आईने स्वतः नाव सांगितलं, पत्ता सांगितला. त्यांनी फॉर्म भरला, आईने मराठीत सही केली, ती चालली. मग त्यांनी हॅमिल्टनचीच मतपत्रिका आणि ती घालायला एक लिफाफा काढून दिला आणि हळू, सोप्या इंग्रजीत विचारलं, "मदत हवी आहे का? हवी असेल तर कोणाची, ते तुम्ही सांगा."

"मी आहे ना, मुलगा," मिलिंद पुढे झाला.

"नो, थँक्यू," आई म्हणाली.

"आई, इंग्रजी आहे ते!"

"सातवीपर्यंत शिकलेय मी. आणि महिनाभर रोज फिरायला जाऊन त्या पाट्या कोण वाचत होतं? एकेक अक्षर लावून वाचल्यात मी."

ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. मिलिंदला राहवेना. तोही मागोमाग गेला आणि वाकून म्हणाला, "आई, दोन्हीकडे, एकाच ओळीत..."

पुढचं मी ठरवून केलं नाही. ते आपोआप तोंडातून निघालं, अगदी केंद्रावरच्या आवाजात. "मागे व्हा! मतदाराशिवाय तिथे कोणीही थांबायचं नाही!"

सगळा हॉल थबकला. बाबागाडीतलं मूल रडायचं थांबलं. मिलिंद दोन्ही हात वर करून मागे सरकला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अहो-जाहो केलं होतं.

"काय म्हणालात तुम्ही?" त्या गृहस्थांनी विचारलं. मी शरमून भाषांतर केलं.

"स्वीट ॲज," (झकास) ते म्हणाले. "मी हेच सांगायला उठत होतो. फक्त जरा हळू सांगितलं असतं."

आईने खूप वेळ घेतला. "एवढं काय करतेय?" मिलिंद पुटपुटला. आडोशाआडून उत्तर आलं, "विचार करतेय. गप्प बस."

बाहेर आल्यावर तिने लिफाफा पेटीत टाकला आणि सवयीने डाव्या हाताचं बोट पुढे केलं. गृहस्थांना कळेना. मी शाईचं सांगितलं. त्यांनी 'मत दिलं' असं लिहिलेला नारिंगी स्टिकर काढला, आईने तो पदरावर लावून घेतला आणि तशीच सबंध बाजारातून चालत गेली.

गाडी सुरू झाली तेव्हा सात वाजून गेले होते. परतीच्या वाटेवर रेडिओवर निकाल सुरू झाले. मिलिंद अर्थ सांगत होता. मिलिंदच्या मतदारसंघाने पक्षाचं मत त्याच्या आवडत्या पक्षाला भरभरून दिलं होतं, पण उमेदवाराच्या जागेवर पहिल्या दोघांत फरक इतका थोडा की, बाहेरगावी टाकलेली स्पेशल मतं मोजल्याशिवाय कोणी विजय मानायला तयार नव्हतं. पक्ष एक, माणूस दुसरा, असं करणारे बरेच निघाले म्हणायचे. मागच्या सीटवर आई पोह्यांच्या पिशवीला टेकून झोपली होती.

तो निकाल लागेपर्यंत मी सांगलीला परतले होते. शाळा सुरू झाली, वर्ग उघडले. मिलिंदचा फोन आला : स्पेशल मतांनी उलटापालट केली, त्याचा उमेदवार पडला, बूट काढून चहा पिऊन गेलेला जिंकला. "ताई, तू विचार तिला. मला काही सांगत नाही. तुला सांगेल."

मला त्या देशाचं कौतुक वाटलं, ते पुठ्ठ्याच्या पेटीमुळे किंवा नारिंगी पेनामुळे नाही. मताची गुप्तता पाळा, हे वाक्य मी दर निवडणुकीत वाचून दाखवते आणि बाहेर आलेल्या बाईला नवऱ्याने "दिलंस ना बरोबर?" विचारताना ऐकते. त्या हॉलमधल्या माणसाने मुलाला सोडून आईला विचारलं, आणि तिच्या उत्तराची वाट पाहिली. आमच्याकडेही नियम तोच आहे. वाट पाहायची सवय तेवढी मला लावून घ्यायची आहे.

असा सगळा शहाणा विचार करून मी आईला फोन लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आई, खरं सांग, कोणाला दिलंस?"

पलीकडे ती मनापासून हसली.

"तूच ओरडली होतीस ना हॉलमध्ये?" ती म्हणाली. "मग आता तूही मागे हो."