भीतीचं वजन वजा करून

आमचे हे तराजू दुरुस्त करतात. बाजारात सगळे त्यांना काटेवाले म्हणतात. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि भिंतीला टांगलेली पारडी. वजनाला बोट लावायचं नाही, चिमट्यानेच उचलायचं, कारण बोटाचा घामही मापात येतो, असा त्यांचा नेम. आणि काहीही मोजायचं तर आधी रिकामं भांडं मोजून ठेवायचं, मग ते वजा. घरात मी डाळ मोजली तरी मागून विचारतात, "भांडं वजा केलंस ना?"

गेल्या वर्षी रक्ततपासणीत ह्यांचा प्रोस्टेटचा आकडा वाढलेला निघाला. कॅन्सर तर नाही ना, हे कळायला सुईने आतले बारा बारीक तुकडे काढायचे ठरले. ह्यांचं हृदय अधू, त्यामुळे पूर्ण भूल द्यायची सोय नाही. फक्त तेवढी जागा बधिर करायची. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, की फार हललात तर थांबवावं लागेल आणि अर्ध्या तपासणीवरून काही सांगता येणार नाही. हे म्हणाले, हलायचं नाही तर नाही.

त्या दिवशी सिस्टरने मला पडद्याच्या अलीकडे स्टुलावर बसू दिलं. पलीकडे हे कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. मी बोटांच्या पेरांवर देवाचं नाव घेत होते. प्रत्येक तुकड्यानंतर दुखणं किती ते शून्य ते दहात सांगा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दहा म्हणजे किती, असं ह्यांनी विचारलंच. सहनच होणार नाही इतकं, असं उत्तर आलं.

मग स्टेपलर दाबल्यासारखा टक्क आवाज.

"दोन," हे म्हणाले.

पुन्हा टक्क. दोन. तिसऱ्यालाही दोन. इंजेक्शन चांगलं लागू पडलं, देवाची कृपा, म्हणून मी जरा सैल बसले. चौथ्यालाही दोनच म्हणाले, पण टेबल करकरलं आणि ह्यांचा पाय पडद्याला येऊन लागला.

डॉक्टरीणबाई थांबल्या. "काका, दोनला पाय असा उडत नाही. खरं किती?"

"काटा सहावर आहे," हे म्हणाले. "पण त्यातली चार भीती. टेबलावर चढलो तेव्हाच मोजून ठेवली होती. ती वजा केली."

सिस्टरला हसू आवरेना. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "काका, तुमच्या आकड्यावरून मी औषध ठरवते. तुम्ही मला माप कमी दिलंत."

धंद्याच्या चाळीस वर्षांत असं ह्यांना कुणी ऐकवलं नव्हतं. मग बारीक आवाज आला, "चुकलं माझं. सहा धरा. भांड्यासकट."

आणखी एक इंजेक्शन दिलं, पाच मिनिटं थांबले. पुढचा आकडा तीन आला, मग दोन, मग एक, पुन्हा दोन. नाव घ्यायचं सोडून मी आकडेच मोजत बसले. देव रागावला नसावा. बाराचे बारा तुकडे झाले.

घरी जाताना मी विचारलं, माझ्याशीही असंच करत आलात का? छातीत दुखलं तेव्हा थोडंसंच आहे म्हणाले होते, आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात न्यावं लागलं होतं. हे म्हणाले, "तुझी भीतीसुद्धा वजा करत होतो."

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. वाईट काही नव्हतं. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त बघायचं. मी देवापुढे दिवा लावला आणि ह्यांच्याकडून कबूल करून घेतलं, की घरात यापुढे वजाबाकी नाही.

ते शब्दाचे पक्के. गुडघा किती दुखतो ते विचारलं, की आकडा सांगतात. पण काल जेवताना मी सहज विचारलं, आमटी कशी झालीय? हे म्हणाले, मीठ जास्त आहे, आणि आजचंच नाही, लग्न झाल्यापासून.

थोडं वजा केलं असतं तरी चाललं असतं.