‘काठ सरकला’ म्हणणारी बाई

लिहायला बसण्याचा हा आगाऊपणा आधी माफ करावा. सारी नोकरी पोलीस खात्यात गेली आणि तेवढ्या काळात जबाब, पंचनामे आणि केस डायरी सोडून मी स्वतःच्या मनाने एक ओळही लिहिली नाही. मॅट्रिक होऊन शिपाई म्हणून भरती झालो होतो. निवृत्तीनंतर आता कॉलेजात नाव घातले आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि वर्गात सर्वांत म्हातारा. आमच्या मराठीच्या बाईंनी नोकरीतला एखादा प्रसंग लिहायला सांगितला, तेव्हा ती घटना आठवायला मला काही प्रयत्न करावे लागले नाहीत. ती मनातून कधी गेलीच नव्हती. कोणाचे नाव लिहीत नाही. भाषेत कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. खात्याची परीक्षा देऊन मी नुकताच फौजदार झालो होतो. आमचे ठाणे नागपुरात हातमागवाल्यांच्या वस्तीला लागून होते. सकाळची हजेरी आटोपली की आदल्या रात्रीची भांडणे, चोरीला गेलेल्या सायकली, दारूवाले, असे रोजचे काम सुरू व्हायचे. एके सकाळी वस्तीतल्या पानठेलेवाल्याने खबर आणली. तो अधूनमधून आम्हाला अशी माहिती देत असे.

‘‘साहेब, एक बाई नवऱ्यासंगं मुंबईले गेली होती. एकलीच वापस आली. अन् नवऱ्याचा शर्ट, चपला, घड्याळ, सब तिच्या गठोड्यात हाये.’’

दुपारी त्या माणसाची आई स्वतःच ठाण्यात आली. मुलगा हरवल्याची नोंद आम्ही मिसिंग रजिस्टरला घेतली. पण तिला तेवढ्याने समाधान नव्हते. ‘‘हरवला नाई तो. हिनं बुडवला त्याले. कोणता माणूस चपला बायकोजवळ देऊन जाते गा?’’



सुनेला बोलावले. पंचविशीच्या आतबाहेरची, अंगाने किरकोळ. मुख्यालयातून महिला शिपाई मागवून तिच्यासमोर जबाब घेतला. नवरा एका दुकानदाराच्या साड्या पोचवायला मुंबईला निघाला होता. समुद्र दाखवतो म्हणून तिलाही सोबत नेले. काम झाल्यावर दोघे जुहूला गेले. तिथे आकाशपाळणा होता, घोडे होते, फुगे फोडायच्या बंदुका होत्या, जत्रेसारखी गर्दी होती. पाळण्यात बसून झाल्यावर नवऱ्याला पाण्यात उतरायची हौस आली. अंगावरचे कपडे, चपला, घड्याळ त्याने तिच्याजवळ दिले.

‘‘मले म्हणे, इथंच बस पान्याच्या काठाशी. कुठी जाऊ नोको. मी बसली.’’

‘‘मग?’’

‘‘मंग काठ सरकला.’’

ठाणेदारसाहेब शेजारीच बसून ऐकत होते. जुन्या मध्य प्रांताच्या काळापासूनचे पोलीस, स्वभावाने वाईट नव्हते, पण जीभ तिखट होती. ‘‘काहून वं, काठाले पाय फुटले होते का? अंबाझरी तलावाले पायलं का तू कधी उठून चालताना?’’

सगळे ठाणे हसले. बाई हसली नाही आणि रडलीही नाही. ‘‘पानी माघं गेलं. काठाशी बस म्हटलं होतं, म्हून मी बी पान्यासंगं गेली. आनखी माघं गेलं, मी आनखी गेली. अंधार पडला तरी ते आले नाई.’’ पुढचे दोन दिवस ती पाण्याच्या काठाशीच त्याची वाट पाहत हिंडली. शेवटी कोणा भल्या माणसाने तिला नागपूरच्या गाडीत बसवून दिले.

ठाणेदारसाहेबांचे मत पक्के झाले. बाई उडवाउडवी करते आहे, वस्तीतल्या कोणाशी तरी तिचे लागेबांधे असणार, अटक करून रिमांड मागा. मुंबईला बिनतारी संदेश पाठवला होता. वर्णनाशी जुळणारे प्रेत सापडले नाही, असे उत्तर आले. साहेबांच्या दृष्टीने त्याने काही बदलत नव्हते. समुद्र काय, प्रेत देईल तेव्हा देईल.

तीन वेळा तिची चौकशी झाली. मी एक गोष्ट पाहत होतो. खोटे बोलणाऱ्या माणसाच्या गोष्टीला कोणी हसले, की पुढच्या खेपेला तो ती दुरुस्त करून आणतो. हिच्या जबाबात हसण्यासारखी जागा एकच होती आणि ती तिने तीनही वेळा तशीच ठेवली. तिला सांगून पाहिले की, बाई, तू घाबरून जागा सोडली असे म्हण, चालेल. ती म्हणाली, ‘‘जागा मी नाई सोडली.’’

भरती-ओहोटी हे शब्द मला शाळेपासून पाठ होते. चंद्राचे आकर्षण वगैरे परीक्षेत लिहूनही आलो होतो. पण समुद्र मी पाहिलेला नव्हता. भरती म्हणजे विहिरीचे पाणी वीतभर चढावे तसे काही असेल, अशी माझी समजूत. त्यासाठी माणसाला उठून चालावे लागते, हे पुस्तकात कुठे लिहिले नव्हते. मी भीतभीतच साहेबांना म्हणालो की अटकेआधी एकदा जागा पाहून येतो.

‘‘जा,’’ साहेब म्हणाले, ‘‘सरकारच्या खर्चानं समुद्र पाहून ये. येताना भेळ आण.’’

बाई आणि महिला शिपाई सोबत होत्याच. निघायच्या वेळी स्टेशनावर सासू पिशवी घेऊन हजर. ‘‘मी येतो. माह्या पोराले कुठी बुडवलं ते मी माह्या डोळ्यानं पायतो.’’ तिचे तिकीट तिने आपणच काढले होते. गाडीत दोघी समोरासमोर बसल्या, पण नागपूरपासून दादरपर्यंत एकीने दुसरीकडे पाहिले नाही.

जुहूला पोचलो तेव्हा दुपार कलत होती. खरे सांगायचे तर पहिल्यांदा मी कामाचे विसरलो. एवढे पाणी, आणि त्याला पलीकडची बाजूच नाही. महिला शिपाईने हळूच ‘साहेब’ म्हटले, तेव्हा भानावर आलो. सुनेने पाळण्याकडे पाहून जागा दाखवली. लाट तिथून दोन-चार हातांवर येऊन परतत होती. सासू थकली होती. पिशवी मांडीवर घेऊन ती तिथेच बसली. मी घोडेवाले, भेळवाले, फोटोवाले यांच्याकडे विचारपूस करायला गेलो. कोणाला काही आठवत नव्हते. हरवलेली माणसे इथे रोजचीच, असे जो तो सांगत होता.

परत आलो तर सासू तिथेच बसलेली. तिच्यापुढे ओल्या वाळूचे मोठे मैदान पसरले होते. त्यात पोरे चेंडू खेळत होती. पाणी पार तिकडे, उन्हात चमकत होते. म्हातारीने कपाळावर हात धरला होता.

‘‘साहेब, पानी कुठी गेलं?’’

मी लांब चमकणाऱ्या पाण्याकडे बोट दाखवले.

‘‘मी तं हललीच नाई,’’ ती म्हणाली. मग सुनेकडे न बघता, ‘‘रोजच असं करते का वं ते?’’

‘‘मी तेच तं सांगून राहिली होती, मामीजी.’’

म्हातारी उठली आणि त्या ओल्या वाळूतून पाण्याकडे चालत गेली. पाण्याला पाय लागेपर्यंत तिला बराच वेळ लागला. तिथून तिने मागे वळून पाळण्याकडे पाहिले. तेवढ्या अंतरावरून आम्ही तिला ठिपक्याएवढे दिसत असू. संध्याकाळची गर्दी वाढत होती.

पाळणा फिरवणारा साताऱ्याकडचा माणूस तोवर सुट्टीवरून कामावर आला होता. त्याला आठवले. ‘‘ओल्या बनियनवर एक जण आला होता. तुमच्यासारखंच बोलायचा, साहेब. ‘हिरव्या लुगड्यातली बाई पायली का,’ असं ज्याला त्याला विचारायचा. इथं, कोरड्या वाळूतच फिरायचा. म्हणायचा, इथंच बसवली होती. मग म्हणाला, मला शोधायला पाण्यात उतरली असंल, गेली. किनाऱ्या-किनाऱ्यानं वर निघून गेला रडत.’’

लाटांनी त्याला बाजूला ओढत नेले असावे. बाहेर येऊन त्याने बायकोला जुन्या जागी शोधले, आणि ती त्याच्या शब्दाप्रमाणे पाण्याच्या काठाशी बसली होती. आपल्याकडच्या तलावाला काठ एकच असतो. त्या दोघांनाही दुसरा काठ माहीत नव्हता.

मी पाळणेवाल्याचा जबाब आणि जागेचा पंचनामा घेऊन आलो. ठाणेदारसाहेबांनी कागद दोनदा वाचले. ‘‘अटक राहू दे,’’ एवढेच म्हणाले. सासूने संशय मागे घेतल्याचा जबाब दिला. उत्तरेकडच्या ठाण्यांना पुन्हा संदेश गेले, पण माणूस सापडला नाही. मिसिंग उघडेच राहिले. वस्तीतल्या लोकांना पंचनामा कोण वाचून दाखवणार? ते त्या बाईकडे पाहायचे तसेच पाहत राहिले.

या केसने मला एक सवय लावली. जबाब अशक्य वाटला तर, बोलणाऱ्याने काय पाहिले आहे आणि आपण काय पाहिलेले नाही, हे मी आधी स्वतःला विचारू लागलो. त्यामुळे काही वेळा फसलोही. पण फसल्याचे दुःख पुसता येते. निरपराध माणसाचे रिमांड पुसता येत नाही.

काही वर्षांनी माझी बदली उमरेडला झाली होती. एक दिवस ती म्हातारी बसने मला शोधत ठाण्यात आली. पाणी प्यायली आणि म्हणाली, ‘‘पोरगा आला, साहेब. कागद बंद करून टाका.’’

तो पालघरकडे कोळ्यांच्या वस्तीत जाळी विणत होता. बायको आपल्यापायी बुडाली, आता सासऱ्याला काय तोंड दाखवू, म्हणून घरी कळवले नाही. साड्या घेऊन फिरणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने त्याला पाहिले आणि बायको जिवंत असल्याचे सांगितले. त्याला ते आधी खरेच वाटले नाही.

‘‘अन् सून काय म्हणाली?’’ मी विचारले.

‘‘काई नाई. दिवसभर त्याच्याकडं पायत राहिली. दुसऱ्या दिवशी त्याले घरच्या हातमागावर बसवलं अन् लुगडं बदलून आली. म्हणे, मामीजी, मी मायेरी जाऊन येतो. इतकी वर्सं गेली नव्हती साहेब ती, कोणत्या तोंडानं जाईन म्हणे. मीच बसवून देली तिले यष्टीत.’’

‘‘परत कधी येते?’’

‘‘इचारलं नाई,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘येईल तवा येईल.’’