गाठ तर निघाली, मी बरी झाले का?

डॉ. भालचंद्र सरांना साठ वर्षं झाली, त्यांच्याविषयी चार ओळी द्या, असा निरोप सावद्याला आमच्या घरी आला. मी चौथी शिकलेली. तरी लिहिते, कारण मी जिवंत आहे ती त्यांच्या हातानं.

पहिली ओळख जळगावच्या दवाखान्यात झाली. केळीच्या बागेत मी चक्कर येऊन पडले होते, शौचाला काळं होत होतं. दुर्बीण घातली तर जठरात गाठ. मी विचारलं, "कॅन्सर आहे का? हो की नाही, एक सांगा."

सर म्हणाले, "अक्का, पोटाचा नेहमीचा कॅन्सर नाही. ही जठराच्या भिंतीतून उगवलेली गाठ. पण साधीही म्हणता येत नाही."

आता याला काय समजायचं?

ऑपरेशन झाल्यावर सरांनी आमच्या ह्यांना बोलावून ट्रेमधली गाठ दाखवली. सर मूळचे धुळ्याकडचे, खूश झाले की अहिराणीत बोलतात. "भाऊ, बठ्ठी निंघनी, फुटनी नही!" फुटली असती तर पोटभर पसरली असती, म्हणून आजूबाजूचं थोडं जठरही कापलं, असं त्यांनी समजावलं. ह्यांनी लगेच पेढे आणले. सरांनी पेढा खाल्ला आणि पुढं रोजची गोळी लिहून दिली. सगळी निघाली तर गोळी कशाला? तर म्हणे, "गाठ मोठी होती, वाढही भराभर. परत येईल, नाहीतर येणारही नाही."

गोळी भरपेट जेवणावर घ्यायची. म्हणून सोमवारी मी घेत नसे. उरलेल्या गोळ्या सरांनी पाहिल्या. सोमवारच्या आहेत म्हटल्यावर विचारलं, "सोमवारी जेवत नाही?"

"उपास असतो. तुमच्या हाताला यश राहो म्हणूनच धरलाय!"

सरांनी कपाळाला हात लावला. "माझ्यासाठी उपास, अन् माझीच गोळी बंद? साबुदाणा किती खाता?"

"ताटभर."

"मग त्याच्यावर घ्या ना, माय!"

त्यानंतर कित्येक सोमवारी त्यांनी स्वतः फोन केला. एवढे मोठे डॉक्टर, आणि विचारायचं काय, तर साबुदाणा झाला का!

सीटी स्कॅन दरवेळी स्वच्छ येतो. मी म्हणते, "एकदा बऱ्या झालात म्हणा." सर म्हणतात, "आज स्वच्छ आहे." मला राग येतो. मुलीचं लग्न धरू का, विचारलं, तर लगेच म्हणाले, "धरा, मीही येतो." मग मी बरी झालेच ना? की नाही?

देवानं सरांना निरोगी शंभरी द्यावी. माझ्या पोटाचं मला कळत नाही, ह्यांना तर नाहीच नाही. कळणारे तेवढे एकच आहेत, ते धडधाकट राहिले पाहिजेत.