न वाकलेलं बोट

मी बेळगावात बँकेत नोकरी करते, राहायला अनगोळला. अंगारे-धुपारे, 'बाहेरचं' वगैरे मला कधीच पटलं नाही. यावरून सासरी भांडलेयसुद्धा. तरी इथं लिहितेय... कारण हे घरात कुणाशी बोलता येत नाही.

निपाणी माझं माहेर. गेल्या वर्षी आईला स्ट्रोक आला, उजवा हात लुळा पडला. फिजिओथेरपीच्या मॅडमनी रोबोटिक ग्लोव्ह भाड्यानं दिला. त्यात दोन मोजे असतात. एक चांगल्या हातात घालून मूठ मिटली, की मशीन नळ्यांतून हवा सोडून दुसऱ्या मोज्यातला लुळा हात तसाच मिटवतं. आईचा डावा हात लगेच थकायचा, म्हणून तो मोजा माझे वडील, आप्पा घालायचे.

आप्पांची तर्जनी फार पूर्वी कडबा कापायच्या मशीनमध्ये सापडली होती, तेव्हापासून वाकायची नाही. त्यांनी मूठ मिटली की आईचंही ते बोट ताठच राहायचं.

"अवो, माझं बोट चांगलं हाय. तुमच्यासारखं करून ठेवू नका," आई जड जिभेनं म्हणायची.

"असू दे गं. जोडीला जोड," आप्पा म्हणायचे.

आजारपणात आई हसायची ती तेवढीच.

मग आप्पा गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

आईनं ग्लोव्ह घालायचं सोडलं. हात आखडायला लागला, तेव्हा एका रविवारी दुपारी मीच हट्टानं तो चढवला आणि मशीन ऑटोवर लावलं — त्यात पाचही बोटं एकदम मिटतात, एकदम उघडतात. आप्पांचा मोजा जोडलेलाही नव्हता, खिडकीत पडून होता.

सुरुवातीला सगळं नीट चाललं. मग मशीन क्षणभर थांबलं... परत सुरू झालं. आईची मूठ मिटली.

तर्जनी ताठ.

बंद करून पुन्हा लावलं. तेच! मी ते बोट दाबून वाकवायला गेले, तर आई ओरडली, "राहू दे की गं! आलेत ते!"

आणि ती त्या हाताशीच बोलायला लागली. "कुठं गेलतासा वो? लई वाट बघितली... जेवलासा काय?"

खरं सांगते, भीती नाही वाटली. मी घरामागच्या परड्यात जाऊन पोटभर रडले.

मॅडमना फोन केला, त्यांनी टेक्निशियन पाठवला. "नळी चोंदली असंल, अक्का," तो म्हणाला. खोलून बघितल्यावर म्हणाला, "न्हाय, सगळं बरोबर हाय की. तरी मोजा बदलून देतो." मी हो म्हटलं. आईचं बोट कायमचं आखडलं तर, एवढंच डोक्यात होतं.

नव्या मोज्यात पाचही बोटं वाकली. आईनं परत लावायला लावलं. आणखी एकदा. आणखी एकदा. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "कशाला बदललास गं?"

जुना मोजा परत मागितला, तर तो दुसऱ्या पेशंटकडं गेला होता. तिथं व्यवस्थित चालतोय म्हणे.

नळी मोकळी होती, मोजा चांगला होता, मग त्या दुपारी काय झालं... मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही. आई तर विचारतही नाही. आता तिच्या उजव्या हातात पेला राहतो, मॅडम खूश आहेत. ती पेला उचलते, पाणी पिते, आणि तो हात पदराखाली झाकून ठेवते.